फड नसलेली राहुटी

अण्णा गेल्याचं मला ओतूरच्या एसटी स्टँडवर कळलं. बायकोचा चष्मा दुरुस्तीला दिला होता, तो घेऊन परतीच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. फोन त्यांच्या फडातल्या जुन्या ढोलकीवाल्याचा होता. "कंडक्टर, अण्णा गेलं," तो म्हणाला. मी एसटीत कंडक्टर होतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी नारायणगावात मला सगळे अजून कंडक्टरच म्हणतात, आणि ती सवय लावली अण्णांनीच. सकाळी दाढी करायला बसले होते, तिथंच मान टाकली, असं ढोलकीवाला सांगत होता. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, की त्यांच्या भावाला, गेनूला कळवलं का? माझी गाडी लागली होती, पण मी चढलो नाही. नारायणगावची गाडी मिळाली तिनं तिकडंच गेलो.

अण्णा तमाशाच्या फडाचे मालक. ज्यांनी आमच्याकडचा फाल्गुन पाहिला नाही त्यांना थोडं सांगायला हवं. त्या दिवसांत फडमालक नारायणगावात ओळीनं राहुट्या ठोकतात आणि चैत्रातल्या यात्रा ठरवायला गावोगावची मंडळी येतात. राहुटीत शिरायचं, चहा प्यायचा, यंदा वग कोणता, सोंगाड्या कोण, गाणारी कोण, असं सगळं खोदून विचारायचं, घासाघीस करायची आणि पटलं तर सुपारी द्यायची. नाही पटलं तर चपला घालून शेजारच्या राहुटीत. आमचं गाव आंबेगाव तालुक्यात, आहुप्याच्या वाटेवर, डोंगरात. यात्रा कमिटीत मी वयानं सगळ्यांत लहान, पण तोंडानं सगळ्यांत मोठा. पहिल्याच खेपेला मी अण्णांना सांगितलं, की तुमच्या मागच्या वर्षीच्या वगात मधला अर्धा तास म्हणजे नुसतं दळण होतं, आमच्याकडची म्हातारी माणसं चक्क घोरत होती. कमिटीतले बाकीचे माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागले. अण्णांनी मात्र पानाची चंची बाजूला ठेवली आणि विचारलं, "नेमकं कुठून घोराया लागली?" पुढच्या वर्षी तो अर्धा तास वगात नव्हता.

एका साली आम्ही दुसऱ्याच फडाला सुपारी दिली. मला राहवेना, म्हणून सांगायला त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा मागवला. "राग धरून धंदा कसा व्हायचा, राव," म्हणाले. "तुमी पुढच्या राहुटीत जाता, म्हनून तर मी दरसाली नवा वग बसवतो. न्हाईतर मलाबी झोप आवडतीच की." त्या दिवसापासून आमची मैत्री जमली. यात्रा असो नसो, नारायणगावला गेलो की त्यांच्याकडे बसल्याशिवाय मी घरी परतलो नाही.

गेनू त्यांचा धाकटा भाऊ. वडिलांच्या वेळेपासून दोघं एकाच फडात. अण्णा वगात पाटील व्हायचे आणि गेनू सोंगाड्या. असा सोंगाड्या मी पुन्हा पाहिला नाही. तो स्टेजवरून कधी यायचाच नाही. अण्णा पाटलाच्या रुबाबात विचारायचे, "कोन हाय रे तिकडं?" आणि लोकांच्या अगदी मागून, चहाच्या गाडीजवळून आवाज यायचा, "मी न्हाई, मी न्हाई." माना वळायच्या, आणि हा कुणाची टोपी उचलत, कुणाच्या मांडीवर बसत पुढं यायचा. वडील गेल्यावर दोघांचं बिनसलं. कशावरून, ते दोघांपैकी कुणीच मला सांगितलं नाही. एका फडाचे दोन फड झाले, पण राहुट्या शेजारीशेजारीच पडायच्या. अण्णांकडे गिऱ्हाईक बसलेलं दिसलं की गेनू कनातीच्या पलीकडून ओरडायचा, "पावणं, तिथं उशी मिळत न्हाई, घरून आणलीया का?" अण्णा वरवर चिडायचे. मनातून त्यांना ते हवंच असायचं, हे आम्हाला दिसत होतं.

मग दिवस फिरले. गावांना डीजे हवा झाला, ऑर्केस्ट्रा हवा झाला, आणि खिशातल्या मोबाईलवर सगळंच फुकट दिसायला लागलं. अण्णा हिकमतीनं टिकून राहिले. वग लहान केले, नवी गाणारी शोधून आणली. गेनू तसा नव्हता. हात सढळ, माणूस फार मोठा, पण तीच बतावणी, तेच विनोद. लोकांच्या मागून मी उठलो की गाव हसणारच, असा त्याला विश्वास. गाव हसायचं कमी झालं होतं. त्याच सुमारास सरकारकडून बुडत्या फडांना पॅकेज मिळणार अशी बातमी आली. एक साहेब नारायणगावात आले, सगळ्या फडमालकांची बैठक लागली. मीही मागच्या खुर्चीवर जाऊन बसलो. साहेब चांगले होते. सगळ्यांचं एकमत असेल तर मी जोर लावून हे पुढं नेतो, म्हणाले. माना हलल्या आणि टाळ्याही वाजल्या. मग अण्णा उभे राहिले.

"साहेब, रागावू नका," ते म्हणाले. "गाव आमच्या राहुटीत येतं. आवडलं तर बसतं, न्हाई आवडलं तर उठतं. आमच्या पोटात त्याची भीती हाय, म्हनून तमाशा जित्ता हाय. उद्या तुमी पैसा द्याया लागला की आमी गावाकडं बघायचं सोडून मुंबईकडं बघाया लागू. जो फड लोकांना नको झालाय त्यो बंद व्हऊ द्या. त्याच्या जागी कुनी पोरगं नवा फड काढील. मेलेला फड उभा करून ठिवला तर त्या पोरानं राहुटी कुठं ठोकायची?" साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. गेनू दुसऱ्या रांगेत बसला होता. त्याचा फड त्या वर्षी दसऱ्याला, हंगाम सुरू होताना, बाहेर पडेल की नाही, अशी अवस्था होती, आणि हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं... तो उठला, खुर्ची जागच्या जागी नीट सरकवली आणि निघून गेला. मालकांतच एकमत नाही, या एका कारणावर तो विषय बारगळला.

बाहेर आल्यावर मी अण्णांशी कडाक्याचं भांडलो. माझी सगळी नोकरी एसटीत झालेली. आहुप्याच्या गाडीत कितीदा मोजकी टाळकी घेऊन मी घाट चढलोय. मी म्हटलं, "ती गाडी बाजाराच्या भरवशावर टाकली असती तर आमची डोंगरातली माणसं बाजारालासुद्धा पोचली नसती." अण्णा म्हणाले, "गाडी लागतीच, कंडक्टर. बाळंतीण डोंगरातनं चालत आणायची का? पन माझ्या तंबूत कुनाला यावंच लागत न्हाई. मर्जी आसंल तरच यायचं. ती मर्जी इकत घेऊन कशी चालंल?" मी म्हटलं, "फड मालकाचा बुडतो. पण त्या आचाऱ्याचं, त्या ढोलकीवाल्याचं काय? त्यांना विचारलंत का?" याचं उत्तर त्यांच्यापाशी होतं. त्यांना मी सांभाळीन, म्हणाले, आणि तो शब्द त्यांनी खरा केला. गेनूचा फड मोडला तेव्हा त्यातली जमली तितकी माणसं त्यांनी आपल्या फडात घेतली. मला फोन करणारा ढोलकीवाला त्यांतलाच. गेनूलाही निरोप गेला, की अर्धा फड तुझा, ये. गेनूनं निरोप घेऊन येणाऱ्याला जेवायला घातलं आणि उत्तर न देता परत पाठवलं. पुढं तो लगतच्या वारूळवाडीत एका मंगल कार्यालयाची देखभाल करायला लागला. दोघांच्या घरांत चालत जाण्याएवढंच अंतर, पण तो अण्णांशी पुन्हा एक शब्द बोलला नाही.

त्यानंतर आमच्या यात्रेत अण्णांचा फड आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या हजेरीला, म्हणजे दिवसाच्या खेळाला, देवळापुढच्या उन्हात, अण्णांनी पाटलाच्या रुबाबात विचारलं, "कोन हाय रे तिकडं?" नवा सोंगाड्या त्यांच्या शेजारीच, स्टेजवर, तयार उभा होता. पण अण्णा लोकांच्या डोक्यांवरून पार मागं, चहाच्या गाडीकडं बघत राहिले. ढोलकी थांबली होती. सोंगाड्यानं आपलं वाक्य म्हटलं, पुन्हा म्हटलं, तेव्हा कुठं ते भानावर आले. नंतर ढोलकीवाल्याकडून कळलं, की हे रोजचंच होतं. ती ओळ वगातून काढून टाका, असं त्यानं सुचवलं तर अण्णा त्याच्यावर खेकसले. जो माणूस गावच्या एका तक्रारीवर अर्धा तास कापून टाकायचा, त्याला ती एक ओळ कापवेना.

कोरोनात यात्रा बंद पडल्या आणि मग अण्णांच्याच फडावर पाळी आली. ट्रक जागेवर सडत होते. यात्रा पुन्हा सुरू झाल्या, पण गेलेलं गिऱ्हाईक सगळं काही परत आलं नाही. त्याच वेळी पुन्हा मदतीची भाषा सुरू झाली. या वेळी एकमताची अट नव्हती, अण्णांनी नुसतं हो म्हणायचं होतं. मी त्यांना समजवायला गेलो. भर दुपार होती, अंगणात कनात पसरून ते दाभणानं ठिगळ लावत बसले होते. मी म्हटलं, "आता घ्या अण्णा. कुणी काही म्हणणार नाही."

"कुनी न्हाई म्हननार," ते म्हणाले. "गेन्या तर बोलतच न्हाई."

"मग अडलंय कुठं? तो बाजाराचा नियम आता सोडा की."

"नियम बरोबरच हाय, कंडक्टर. आजबी बरोबर हाय. माझा फड लोकांना नको झालाय, त्यो बंद झाला पायजे. पन नियमाचं ऱ्हाऊ द्या. भावाच्या ताटातनं काढलं ते माझ्या ताटात वाढून घेऊ?" दाभण तसंच हातात धरून त्यांनी मला विचारलं, "त्या दिशी मी गप बसलो असतो तर?"

मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, "गेनूचा फड आणखी दोन-तीन वर्षं चालला असता. मग बुडालाच असता."

"हां," ते म्हणाले. "पन माझ्याशी बोलत बुडला असता."

त्यांनी फड बंद केला. ट्रक विकले, गाणाऱ्या बाईला दुसऱ्या फडात जागा मिळवून दिली, आचाऱ्याला भज्यांची गाडी टाकून दिली. सगळ्यांची सोय लावली आणि मोकळे झाले, असं लोक म्हणायचे. मोकळे कसले. पुढच्या फाल्गुनात मी कमिटीबरोबर गेलो तर ओळीत अण्णांची राहुटी उभी. आत सतरंजी, पाण्याचा माठ आणि अण्णा. फड नाही, माणसं नाहीत, काही नाही. जुनी गावं सवयीनं आत शिरायची. अण्णा चहा द्यायचे, गावची चौकशी करायचे आणि सांगायचे, "आमच्याकडं फड न्हाई आता. तिकडं कोपऱ्यावर एक पोरगं बसलंय, नवं हाय, पन लई चांगला वग हाय त्याचा. त्याला बघा." इतर मालक चेष्टा करायचे, की म्हातारा फुकटची दलाली करतोय. मला त्या राहुटीत बसवत नसे. बाहेर कुणाची सावली कनातीवर पडली की अण्णा बोलता बोलता थांबत, आणि सावली पुढं सरकली की पुन्हा बोलायला लागत. गेनू त्या रस्त्यानं रोज कामाला जायचा, हे मला फार उशिरा कळलं.

अंत्यविधीला मी गेनूला शोधत होतो. दिसला नाही. दशक्रियेलाही नदीवर तो नव्हता. मला त्याचा संताप आला होता, खोटं कशाला बोलू. मेल्या माणसाशी कसलं वैर धरायचं, असं वाटत राहिलं. आणि गेल्या आठवड्यात कमिटीबरोबर यात्रा ठरवायला नारायणगावला गेलो. राहुट्यांच्या ओळीतून चाललो होतो, तर अण्णांच्या जागी राहुटी उभी. बरोबरच्या मंडळींना पुढं पाठवलं आणि वाकून आत शिरलो. सतरंजीवर गेनू बसला होता. केस पांढरे, गाल आत गेलेले, पण मान तिरकी करून बघायची तऱ्हा तीच.

"बसा, कंडक्टर," तो म्हणाला. "चा सांगतो."

मी बसलो. चहा आला. इतक्या वर्षांचं पोटात साठलेलं मी शेवटी विचारलंच, "जित्या माणसाच्या राहुटीत आला नाहीस. मातीला आला नाहीस. मग आता कशाला आलास?"

त्यानं चहा बशीत ओतला.

"त्यानं शेवटी पॅकेज घेतलं असतं ना," तो म्हणाला, "तर मी दुसऱ्या दिशी आलो असतो. चार लोकांत आईमाईवरून शिव्या दिल्या असत्या, भांडलो असतो, रडलो असतो, आन मग दोघं जेवलो असतो. मी वाट बघत व्हतो. पन त्यानं न्हाई घेतलं. सोताचा फड मोडला, पन न्हाई घेतलं. मग मी कोणत्या तोंडानं येऊ?"

तेवढ्यात बाहेर चपला वाजल्या आणि कनातीवर दोघांतिघांच्या सावल्या पडल्या. कुठल्याशा गावची मंडळी होती. त्यांतल्या एकानं आत डोकावून विचारलं, "फडाचं मालक कोन?"

गेनूनं बशी खाली ठेवली. "मालक वारलं," तो म्हणाला. "मी भाऊ. या, बसा."