खंडेनवमीचा हार

आमच्या नंदगडच्या नागोजीची लेक रचना. तिची शर्यतीची सायकल पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी विचारलं, "अगं, हिचा ब्रेक कुठं हाय?"

"न्हाय आप्पा. ट्रॅकच्या सायकलीला ब्रेक नसतोय. चाक फिरतंय तवर पायडल फिरतंय. थांबायचं तर पायानंच आवरायचं."

सारा जन्म नाटकात काढलेल्या मला ते लगेच पटलं. पडदा वर गेल्यावर आम्हालाही मध्येच थांबता येत नसे.

शाळेला सायकलने जाणारी ही पोर बेळगावच्या क्रीडा वसतिगृहात गेली आणि राज्यासाठी पदकं आणू लागली. लाकडी ट्रॅकच्या तिरक्या भिंतीवर ती वळण घ्यायची, ती ऐट मी रंगमंचावरही क्वचितच पाहिली. दोन वर्षांपूर्वी दसरा झाला की दिल्लीत भारतीय संघाची निवड होती. सराव चुकू नये म्हणून रचना सायकल घेऊनच सणाला आली.

खंडेनवमीला आमच्याकडे विळा, नांगर, मोटारसायकल, सगळं धुऊन पुजतात. जयाबाईंनी लेकीच्या सायकलीला कुंकू लावलं, हँडलला झेंडूचा लांबलचक हार बांधला. पुजलेलं वाहन देवळापर्यंत फिरवून आणायची रीत.

"आई, हार काढू दे की."

"देवळातनं आल्यावर काढ. पुजेचा हार असा काढतात व्हय?"

"नवरदेवागत नटवलीय," नागोजी हसला. "गावाला दिसू दे जरा."

रचना देवळाकडे निघाली आणि उतारावर हार सुटून चेनमध्ये गेला. साध्या सायकलीवर पाय थांबवून निभावलं असतं. इथं चेन अडकली तसं चाकच जागी थांबलं. रचना गटारीच्या दगडावर आपटली.

दोनदा ऑपरेशन झालं, तरी गुडघा पुरता वाकत नाही. आता ती बेळगावात कापडाच्या दुकानात बिलं करते. बसच्या पायरीवर एक पाय मागून ओढून घेते. आईला घरात कुणी एक शब्द बोललं नाही, आणि त्यानेच जयाबाई वाळत गेल्या.

यंदा खंडेनवमीला मला बोलावणं होतं. रचनाने भिंतीवर खिळ्याला टांगून ठेवलेली सायकल उतरवून स्वतः धुतली. जयाबाई कुंकू लावून मागे सरल्या. टोपलीतल्या हाराला हात लावेनात.

"बांध की गं आई," रचना म्हणाली. "आता कुठं जायचंय हिला?"

जयाबाईंनी हार बांधला. आरती संपेपर्यंत मात्र त्याचं खालचं टोक, चेनला लागू नये म्हणून, हातात धरून उभ्या राहिल्या.