मुकी बटणं

“दिखने में तो मस्त है, और क्या चाहिए?”

माझ्या मागे कुणीतरी म्हणालं. भिंतीवरच्या पडद्यावर नवी वेबसाइट उघडली होती. शहराच्या पडाव आणि कंपू या भागांतली आमची दोन कार्यालयं एक झाली होती, आणि दोन्हींच्या हजारो पानांची मिळून एकच साइट व्हायची होती. मी कंपूच्या कार्यालयातली. आमच्या जुन्या साइटचं कोडिंग मी सांभाळायचे; नवी साइट सुरू करण्याचं कामही माझ्याकडेच आलं होतं. ती दिसायला ओबडधोबड होती, पण वेबचे ठरलेले नियम पाळून लिहिलेली. पडद्यावर बटण दिसलं तर कोडमध्येही ते बटणच असायचं.

आमच्या चौकशी कक्षातल्या काकांचं काम त्या नियमांवर चालायचं. त्यांना दिसत नसे. संगणक पान वाचून दाखवी. एका कानाने ते ऐकत आणि दुसऱ्या कानाशी फोन धरून लोकांना उत्तरं देत. सोमवारपासून हेच त्यांना नव्या साइटवर करायचं होतं.

नवा मेनू पडावच्या टीमचा. त्यातले रंगीत चौकोन माउसने छान उघडत, पण कोडमध्ये ते नुसते चौकोनच होते; पान वाचणाऱ्या संगणकाला तिथे बटण आहे हे कळतच नसे. मी तसं ईमेलवर कळवलं होतं. तोंडाने बोलले नव्हते. शाळेतही उत्तर येत असताना माझा हात खालीच राहायचा.

साहेबांनी काकांना संगणकासमोर बसवलं. काकांनी इयरफोन लावला, एका बटणावरून पुढच्या बटणावर नेणारी टॅबची कळ दाबली. पुन्हा दाबली. मेनू ओलांडून ते थेट पानाच्या तळाशी पोचले.

“बेटा, पान अजून उघडलं नाही का?” त्यांनी मला विचारलं.

मग मागून आवाज आला, “काकाजी को रिकॉर्ड रूम भेज दो सर, वहाँ फोन ही नहीं आता।”

सगळे हसले. काकाही हसले, पण त्यांचं बोट टॅबवरून हललं नाही.

“तसंच करावं लागेल बहुतेक,” साहेब म्हणाले. “साइट तर सोमवारी सुरू करायचीच आहे.”

मी उभी राहिले.

“पान उघडलंय, काका. तुम्ही बरोबर करताय. सर, मेनू चुकीचा लिहिलाय. तो मी नव्याने लिहीन, आणि काकांना तो ऐकू आल्याशिवाय ही साइट मी सुरू करणार नाही.”