खळ्यातला उपग्रह

सत्तर सालच्या सुगीत माझे धाकटे चुलते तिसगावला रजेवर आले. ते फौजेत सिग्नलमध्ये होते. फौजी माणूस मळणीला बैलांमागं फिरत नाही म्हणे, त्यामुळे कामाला हात लावीनात.

खळ्यावर बाजरीची कणसं पसरली होती. चुलते कडेला बसून आजोबांना सांगत होते, परदेशी फौजांचे निरोप पोचवणारे उपग्रह आभाळात एकाच जागी दिसतात.

"जाग्यावर ऱ्हातंय तर पडत कसं न्हाई?" आजोबांनी विचारलं.

"पळतंय की. पृथ्वी फिरती त्याच चालीनं, म्हून हललेलं दिसत न्हाई."

"दाखव."

आजोबा खळ्याच्या मधोमध रोवलेल्या मेढीला, बैल बांधायच्या खांबाला, पाठ टेकून पृथ्वी झाले आणि सावकाश वळू लागले. खळ्यात पायताण चालत नाही, म्हणून चुलत्यांनी बूट काढले आणि आजोबांच्या नाकासमोर राहत कडेनं पळू लागले. दर फेरीला आजोबांना नवी शंका यायची.

"आता जरा आतून पळ."

"आतलं पृथ्वीच्या पुढं जातं."

"ते बी बघू दे."

चुलते घामानं निथळले. आजोबांनी वाकून मूठभर दाणे उचलले, फुंकर मारली आणि आईला हाक दिली, "सूनबाई, बैलं आनू नको. बाजरी मळून झाली."