मावशींचं उत्खनन

फोन लावण्याआधी मावशी घसा साफ करायच्या. पेन केसांत खोचून घरभर पेन शोधायच्या. व्हिडिओ बघताना शिकवणाऱ्याला मोठ्यांदा उत्तर द्यायच्या, "कळलं हो, पुढे चला."

त्या रक्तपेढीत कामाला होत्या. रक्त कमी पडलं की जुन्या रक्तदात्यांना फोन लावायचा, हे त्यांचं काम. मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचो. साहित्य शिकलेला, म्हणून त्यांच्यासाठी 'कविराज'.

एका दुपारी एका रुग्णबाईंसाठी त्यांनी फोनवर फोन लावले. सगळे म्हणाले, "बघतो." रक्त मिळालं तोवर उशीर झाला होता. त्या रुग्णबाईंचा नवरा बाकावर नुसता बसून राहिला. तेव्हापासून मावशींना एकच ध्यास. हाक मारली तर खरंच कोण येईल, हे आधी कळायला हवं. संगणकात वर्षानुवर्षांची माहिती पडून होती. तिच्यातून असं शोधून काढण्याला डेटा मायनिंग म्हणतात, हे कुणीतरी त्यांना सांगितलं.

मग चांगल्या धड्यांचा शोध सुरू झाला. एका कोर्सने पाकळ्यांच्या मापांवरून फुलांची जात ओळखायला लावली.

"मला फुलं नाही रे, माणसं ओळखायचीयत."

एक जाडजूड पुस्तक दुसऱ्याच पानावर गणितात शिरलं. मी हौसेने मराठी शब्द शोधून दिला, विदा-उत्खनन. तो ऐकून ग्रंथपालाने त्यांना थेट गाडल्या गेलेल्या शहरांच्या कपाटापाशी नेलं. तिथलं पुस्तकही त्या घेऊन आल्या.

"अहो मावशी, हे खापरं खणून काढण्याचं आहे."

"असू दे. आधी माती हलक्या हाताने झटका म्हणतायत. आपल्यालाही तेच करायचंय."

शेवटी इंटरनेटवर एक निवृत्त प्राध्यापक सापडले. सावकाश बोलायचे. मध्येच चुकायचे, आणि चूक कापून टाकायचे नाहीत.

"हा खरा मास्तर. पाय कुठे घसरतो ते दाखवतो."

जेवणं उरकली की आम्ही एक धडा बघायचो. इंग्रजी अडलं की मी सांगायचो. गणित अडलं की धडा पुन्हा पहिल्यापासून.

"एकदा तरी पहिल्याच फोनला 'निघालो' असं ऐकायचंय," त्या म्हणायच्या.

गेल्या आठवड्यात मावशी कामावरच कोसळल्या. गेल्या. जेवण झालं की मी अजून खाली उतरतो. दाराला कुलूप असतं.

त्यांच्या मुलीने लॅपटॉप मला दिला. रक्तपेढीने रक्तदात्यांची नावं वगळून दिलेली माहिती त्यात आहे. मावशी पत्ते एकसारखे करत होत्या. एकच जागा, प्रत्येकाने वेगळी लिहिलेली. 'स्टेशनसमोर' आणि 'स्टेशनपुढे' त्यांनी एक केले होते. 'तळ्याकाठी' आणि 'तळ्याजवळ' अजून वेगळेच आहेत.