क्लच नसलेली गाडी

आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, डावा गुडघा बैलाच्या धडकेने मोडला, तो पुन्हा नीट वाकलाच नाही. औंढे गावाहून लोणावळ्याला दूध पोचवणारी आमची जुनी पिकअप तेच चालवत. दर गिअरला क्लच दाबायचा, म्हणजे दर वेळी कळ. फेऱ्या संपवून आले की पायरीवर बसून राहत, चपलाही काढत नसत. त्यांना जमेनासं झालं तर कॉलेज सोडून गाडीवर मी बसणार, हे घरात कुणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच.

लोणावळ्याच्या मिस्त्रीने वाट काढली. एका बंगलेवाल्याची, आमच्या पिकअपच्याच कंपनीची मोटार घाटात आपटून त्याच्याकडे भंगारात पडली होती. तिचा गिअरबॉक्स आपोआप गिअर बदलणारा होता, क्लचची गरजच नाही.

"भाऊ, ह्यो बसवू. डावा पाय घरी ठिवून आलात तरी चालंल."

"घरी त्याला सांबाळंल कोण?" आबा म्हणाले.

मे महिन्याची सुटी मिस्त्रीने आणि मी आमच्या पिकअपखाली घालवली. जुना गिअरबॉक्स उतरवला, आधाराची पट्टी मागे सरकवून वेल्ड केली, मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट कापून आखूड करून घेतला. त्यातलं मला फारसं कळत नव्हतं. मी धरायला होतो. नवा गिअरबॉक्स जड. चढवलेला पुन्हा उतरवावा लागला, तेव्हा मिस्त्रीही मातीत तसाच पडून राहिला. घरी आल्यावर घास उचलणंही जिवावर येई.

शेवटी आबांनी गाडी स्वतः चालवत घरी आणली, डावा पाय नुसता पसरून. त्या दिवशी चपला काढून थेट आत गेले.

दुसऱ्या सकाळी ती सुरूच होईना. बॅटरी म्हातारी, नवी परवडत नव्हती, म्हणून गाडी नेहमी देवळाजवळच्या चढावर लावलेली असे. सकाळी आळीतले चारपाच जण न बोलावता येऊन ढकलत. उतारावर आबांनी गिअर टाकून क्लच सोडला की इंजिन धरायचं. त्या दिवशीही ढकलली, पार ओढ्यापर्यंत. इंजिन गप्प. पुन्हा चढावर नेली, पुन्हा सोडली.

"आबा, लय शिकलेली झाली की ही! ढकललेलं चालत न्हाई तिला," शेजारचा धापा टाकत म्हणाला.

"बैल जुपा आता," दुसरा म्हणाला.

मी सायकलवरून मिस्त्रीला घेऊन आलो. त्याने कपाळाला हात लावला. "आता चाकाचा जोर इंजनाला पोचायचा तर गाडी लय जोरात पळाया पायजे. माणसांच्या ढकलण्यानं न्हाई व्हायचं. आधी सांगाया पायजे हुतं मी. आता रोज हँडल मारा."

हँडल गाडीच्या तोंडाशी घालून हाताने फिरवायचं, दोन्ही पाय रोवून, वाकून. आबांनी एकदा करून पाहिलं आणि बंपर धरून उभे राहिले.

"तुजं कालिज?" त्यांनी विचारलं.

"गाडी चालू करून जाईन."

"जमंल?"

मला खात्री नव्हती. "जमंल," म्हणालो.

वर्षभर जमवलं. खांदा भरून यायचा, पहिल्या तासाला डोळे मिटायचे. पण दुधाच्या फेऱ्या आबाच करत राहिले. एखाद्या सकाळी इंजिन पहिल्याच फिरकीला धरायचं. मग आबा खिडकीतून हात हलवत "नीघ, नीघ" म्हणायचे, आणि मी कॉलेजला जायला स्टेशनची वाट धरायचो.