बोटाला दिसणारी शीर

सकाळी लॅबमध्ये एका आजींच्या दंडाला पट्टा बांधून मी दोनदा सुई टोचली, पण शीर काही सापडेना. शेवटी शिकाऊ रेश्माला हाक मारली. तिने खिडकीबाहेर बघत बोटाने हळूच चाचपलं आणि पहिल्याच खेपेला रक्त आलं.

"कधी टोचलंस गं? कळलंच नाही," आजी म्हणाल्या.

माझ्या पोटात दुखू लागलं. वीस वर्षं मी डोळे ताणून शिरा शोधतेय. हिच्या बोटालाच त्या दिसतात. पट्टा कसा बांधायचा हे मीच तिला शिकवलं. हे बोट मात्र कोणी शिकवत नाही, आणि मागून मिळतही नाही.

दुपारी माझीच जेवणानंतरची साखर तपासायची होती. मी हात तिच्यापुढे धरला. जरा तरी दुखावं, असं मनापासून वाटत होतं.

"झालं, मॅडम," कापूस दाबत ती म्हणाली.