बोटाला हाड असलेला माणूस

"जिभेला हाड नसतंय, ते मान्य. पर बोटाला तर हाय ना? मग जरा आवर की ते!"

माकणीच्या स्टँडवर हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. कुणीतरी मोबाईल पुढं करायचं, "अण्णा, बघा की हे काय आलंय." अण्णा चष्मा कपाळावर सरकवायचे, मोबाईल पार नाकाशी न्यायचे, तोंडातल्या तोंडात वाचायचे आणि मग त्या माणसाची तर्जनी धरून हवेत हलवत हे वाक्य ऐकवायचे. मतं मागायला आलेल्या एका पुढाऱ्याचं बोटही त्यांनी असंच हलवलं होतं. पुढारी हसला. दुसरं करणार तरी काय बिचारा?

नाव सांगत नाही. सगळे अण्णा म्हणायचे, मीही अण्णाच म्हणतो. त्यांचं मोबाईल-रिचार्ज आणि झेरॉक्सचं दुकान, त्याला लागून माझं मेडिकल. मधली भिंत इतकी पातळ की पलीकडं अण्णा शिंकले की मी इकडून गोळीचं नाव सांगायचो. तुमच्याही गावात असा एखादा असेल. सारखा चिडणारा, सगळ्यांना टोकणारा. असेल तर त्याच्याशी जरा नीट वागा, एवढंच माझं म्हणणं आहे.

एकदा एक गृहस्थ माझ्याकडं साखरेच्या गोळ्या परत करायला आले. कारल्याच्या रसानं साखर कायमची जाते, असा मेसेज त्यांना जावयानं पाठवला होता. मी समजावतोय, ते ऐकत नाहीत. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "घ्या घ्या, परत घ्या त्या गोळ्या. आन् पावण्यांना इचारून ठेवा, तेराव्याला बी कारल्याचीच भाजी करायची का?" गृहस्थ गोळ्या घेऊन मुकाट्यानं गेले. पुढं बरीच वर्षं त्याच गोळ्या नेत होते.

अण्णांना जगातल्या प्रत्येक नव्या यंत्राबद्दल मत असायचं. एआयमुळं नोकऱ्या जाणार, अशी बातमी एका पोरानं वाचून दाखवली तर म्हणाले, "हितं हाय कुणाला नोकरी? म्हणावं त्या मशीनला, ये, बस आमच्यासंगं स्टँडवर. तुला बी च्या पाजतो." मी रोज सकाळी ग्रुपवर गुलाबाचं फूल टाकायचो, त्यावरही बोलणं ऐकलंय. "रोज फूल पाठवतूस, कवा भज्याची प्लेट बी धाड की."

निवडणुकीत तर त्यांची करमणूक व्हायची. एका साहेबांचा व्हिडिओ आला. साहेब रडतायत, शेतकऱ्यांची माफी मागतायत. विरोधी पक्षाची पोरं नाचायला लागली. अण्णांनी व्हिडिओ थांबवला. "दात बघा रे, दात! असले पांढरे दात साहेबाचे हाईत व्हय? हयात गेली त्यांची तंबाखू चघळण्यात." पोरं हिरमुसली. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या पोरांनी साहेबांच्या सभेचा फोटो आणला. माणसांचा नुसता समुद्र! अण्णांनी तो बोटानं मोठा केला आणि म्हणाले, "ह्यो फेटेवाला लई कष्टाळू दिसतोय. एकटाच चार ठिकाणी बसलाय." दोन्ही पक्षांच्या पोरांना ते आपल्या विरोधातले वाटायचे, आणि याचा अण्णांना भारी आनंद व्हायचा.

ठरलेले प्रश्न होते त्यांचे. हे लिहिलं कुणी? त्याला यातनं काय मिळतंय? आन् तुला म्होरं ढकलायला सांगितलं कुणी? एवढं विचारलं की निम्म्या बातम्या तिथंच मरायच्या.

आता जे सांगतो ते अण्णांनी मला कधी सांगितलं नाही. माझ्या आईनं सांगितलं.

आमच्या लोहारा तालुक्यात भूकंप म्हटलं की साल सांगावं लागत नाही. त्याच्या आधी बरेच महिने जमीन गुरगुरत होती. बारके धक्के बसायचे. लोक धास्तीनं अंगणात झोपायचे. अण्णा तेव्हा कॉलेजात, गावात पेपर वाचू शकणाऱ्या चार पोरांतले एक. पेपरात आलं की घाबरण्याचं कारण नाही, मोठं काही होणार नाही. अण्णांनी ते पारावर उभं राहून मोठ्यानं वाचलं. आईवडिलांची अंथरुणं आपल्या हातानं आत नेऊन टाकली आणि परीक्षेसाठी धाराशिवला गेले. ती रात्र त्यांनी मित्राच्या खोलीवर काढली. परत आले तेव्हा गाव नव्हतं. माळवदाच्या छपराची माती हातानं उपसून त्यांनी आईवडिलांना बाहेर काढलं. त्याच रात्री माझी थोरली बहीण गेली. मी लहान होतो, मला कुणीतरी ओढून काढलं.

माणूस इतका का चिडतो, हे कळल्यावर मी त्यांच्या चिडण्यावर हसायचं सोडलं.

काही वर्षांपूर्वी गणपती बसले होते तेव्हाची गोष्ट. दुपारी जमिनीतून आवाज आला. येतो आमच्याकडं अधूनमधून, लांब कुठं सुरुंग उडवल्यासारखा. माझ्या फळीवरच्या बाटल्या किणकिणल्या. लोक रस्त्यावर आले, थोडा वेळ थांबले, परत कामाला लागले. संध्याकाळी मेसेज आला. कुठल्याशा मोठ्या संस्थेचं नाव, गोल शिक्का, लाल ठिपक्यांचा नकाशा. उद्या पहाटे या भागात मोठा धक्का बसणार.

जो तो मोबाईल घेऊन अण्णांच्या दुकानापुढं. मीही पायरीवर येऊन उभा राहिलो. खरं सांगतो, आम्हाला ते बोटाचं वाक्य ऐकायचं होतं. ऐकलं असतं की निवांत घरी जाऊन जेवलो असतो.

अण्णांनी मेसेज वाचला. पुन्हा वाचला. चष्मा काढून काउंटरवर ठेवला. कुणी लिहिलं, कशापायी लिहिलं, काही विचारलं नाही. मग त्यांनी स्वतःचा मोबाईल तोंडाजवळ धरला आणि ग्रुपवर बोलले, "म्या अण्णा बोलतोय, माकणीवरनं. आज राती कुणी घरात झोपू नका. म्हातारी माणसं, लेकरं आधी बाहीर काढा. हसणाऱ्याला हसू द्या. पर घरात झोपू नका रे बाबांनो, पाया पडतो तुमच्या."

अण्णा म्हणतात म्हटल्यावर कोण थांबतंय? सगळी वस्ती बाहेर आली. शेजारच्या गावांतही तो आवाज पोचला, तीही बाहेर आली. पहाटेच्या सुमाराला पाऊस सुरू झाला. एरवी पावसात कुणी बाहेर थांबलं असतं का? पण त्या दिवशी एकही माणूस आत गेला नाही. ताडपत्र्या ओढून, लेकरं पोटाशी धरून बसले सगळे. माझ्या आईला दमा होता. तिच्या अंगावर घरातली सगळी पांघरुणं घातली, तरी ती कुडकुडत होती.

धक्का काही बसला नाही. लख्ख ऊन पडलं. स्टँडवर पोरांना ऊत आला. "अण्णा, भूकंपाला रेंज घावली न्हाय वाटतं!" अण्णांनी शटर वर केलं, गणपतीला हार घातला आणि मोबाईल घेऊन लिहीत बसले. "कालची बातमी खोटी होती. म्या न विचारता पुढं पाठवली. चूक माझी हाय. हे सगळ्यांना कळवा." त्याखाली चार अंगठे आले, जोडलेले हात आले. कळवलं मात्र कुणी नाही. खोटं एसटीत बसून गावोगाव गेलं आणि खरं आमच्या स्टँडवरच बसून राहिलं.

आईच्या छातीत कफ झाला. लातूरला नेलं, परत आणलं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आधीच कमजोर होती, एक निमित्त झालं. माझी बायको मात्र अण्णांचं नाव निघालं की भांडी आपटायची. मला काय वाटत होतं? राग आला होता. का नाही येणार? पण अण्णांकडं बघितलं की तो राग ठेवायला जागा सापडायची नाही.

एके दिवशी अण्णा आईला बघायला घरी आले. बायकोनं पाणीसुद्धा विचारलं नाही. अण्णा खाटेजवळ खालीच बसले. फरशीकडं बघत म्हणाले, "काकू, माझ्यापायी झालं हे."

आईला बोलताना धाप लागायची. तिनं हात पुढं करून त्यांच्या डोक्यावर ठेवला. "येडा हाईस का रं लेकरा? त्या राती आमाला कुणी उठवलं न्हाय. कुणी येक हाक मारली असती तर माझी पोरगी आज नातवंडं खेळवत असती. तू हाक मारलीस. खोटी का असंना, मारलीस की न्हाय? मग झालं तर."

अण्णा ओक्साबोक्शी रडले. पन्नाशी ओलांडलेला माणूस असा रडताना मी तोवर बघितला नव्हता. बायको आतून चहा घेऊन आली आणि कप त्यांच्या हातात देताना तिचेही डोळे भरले होते. दिवाळीनंतर आई गेली. खांदा द्यायला अण्णा पुढं होते.

आईनं माफ केलं, हळूहळू आम्हीही केलं. अण्णांनी स्वतःला नाही केलं. कुणी मोबाईल पुढं केला की म्हणायचे, "मला नगं इचारू. माझ्या बी बोटाला हाड न्हाय निघालं." लोक थोडे दिवस आले, मग यायचे थांबले. आता विचारायला कुणी नाही म्हटल्यावर ग्रुपवर नुसता शिमगा! जे येईल ते खरं, जे येईल ते पुढं. मी भिंतीवर टकटक करायचो, "अण्णा, बघा की हे काय चाललंय." पलीकडं झेरॉक्सचं यंत्र सुरू व्हायचं.

त्या हिवाळ्यात स्टँडवरच्या फळवाल्या चाचांच्या मागं एक व्हिडिओ लागला. कुठल्या तरी परमुलखातला कुणीतरी माणूस फळांना थुंकी लावतोय, आणि खाली लिहिलेलं, यांच्याकडून घेऊ नका. चाचांचा त्याच्याशी संबंध काय? दाढी, एवढाच. भूकंपाच्या वेळी पेरूच्या टोपल्या रिकाम्या करून त्यांतून माती उपसणारा माणूस हा! पण गिऱ्हाईक तुटलं. चाचा दिवसभर गाड्यापाशी माशा हाकत बसायचे. मी अण्णांना म्हणालो, "आता तरी तोंड उघडा. तुमचं ऐकतील लोक." अण्णा म्हणाले, "माझं ऐकलं म्हणूनच तर झालं ना सगळं?"

पण संध्याकाळी, एसट्यांची गर्दी असते त्या वेळेला, अण्णा दुकानातून उठले आणि चाचांच्या गाड्यापाशी गेले. एक पेरू उचलला. धुतला नाही, पुसला नाही, स्टँडच्या मधोमध उभं राहून सगळ्यांदेखत सावकाश खाल्ला. दुसऱ्या दिवशी परत तेच. चाचा म्हणायचे, "भाई, एवढे पेरू खाऊ नका, पोट बिघडेल." अण्णा ऐकायचे नाहीत. ते रोज जायचे. मग एका संध्याकाळी मीही गेलो. नंतर कंडक्टर आला, दोन मास्तर आले, कॉलेजच्या पोरी आल्या. चाचांचा गाडा पुन्हा चालू लागला. अण्णा मात्र त्या सगळ्या पेरूंपायी खोकत होते, ते मी भिंतीतून ऐकत होतो.

मागच्या उन्हाळ्यात अण्णा गेले. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या. खोकला ऐकू येईना म्हणून मी उठून बघायला गेलो. आता तिथं उसाचा रस मिळतो. रसवाला पोरगा कामाचा आहे, वाईट नाही. पण गाणी लावतो दिवसभर, आणि पातळ भिंतीचा मला पहिल्यांदाच त्रास होतो.

यंदा गणपतीत तेर गावाहून आत्याचा फोन आला. घाबरलेली. "अरं, भूकंप होणार हाय म्हणं राती. तुमच्या माकणीचाच माणूस सांगतोय, लई पोटतिडकीनं सांगतोय. बाहीर झोपू का आमी?" म्हटलं, पाठव बघू मला.

मी दुकानात एकटाच होतो. बटण दाबलं. "म्या अण्णा बोलतोय, माकणीवरनं..." एसटीचा हॉर्न, माणसांची कुजबुज, आणि मध्ये तो आवाज. पाया पडतो तुमच्या, इथवर मला पाठ होतं. त्यापुढंही थोडं आहे, हे मला माहीत नव्हतं. बटण सोडायला अण्णांना क्षणभर उशीर झाला असावा. माझाच आवाज येतो, "अण्णा, आईला बी बाहीर काढू? ढग आलेत, तिला दमा हाय." आणि अण्णा म्हणतात, "आधी तिलाच काढ. माझी ऱ्हायली."

मग आत्याला फोन लावला. सांगितलं, खोटं आहे, जुनं आहे, घरात झोप, पुढं कुणाला पाठवू नको.

आत्या सुटकेचा श्वास टाकून म्हणाली, "बया! मग कोण रं ह्यो मेला खोटारडा?"

"खोटारडा नको म्हणू त्याला, आत्या," मी म्हणालो, "हाक मारली होती त्यानं."